मंदीत राज्याने कर कमी करावेत आणि खर्चही कापावा: निवेदनात असंच लिहावं का?

भोसरी_लघुउद्योग

नमस्कार मंडळी. भोसरी-चाकण पट्ट्यातल्या छोट्या कारखानदारांच्या संघटनेकडून अर्थसंकल्पाआधी राज्य सरकारला निवेदन द्यायचं आहे. बहुतेक सभासद गाड्यांच्या कंपन्यांना सुटे भाग पुरवणारे, काही जण सरकारी कामांचं फॅब्रिकेशन करणारे. मसुद्यातलं मुख्य वाक्य सध्या असं आहे: "मंदीचा काळ लक्षात घेता राज्य शासनाने करांचे दर कमी करावेत व तेवढ्याच रकमेचा अनावश्यक खर्च कमी करून तूट आटोक्यात ठेवावी."

यावर कार्यकारिणीत दोन तट पडलेत. एक म्हणतो हेच बरोबर, घर चालवतो तसं सरकार चालवा. दुसरा म्हणतो, सरकारने खर्च कापला की आपल्याच ऑर्डरी जातात. जीएसटीनंतर राज्याला स्वतःहून कमी करता येतील असे कर उरलेत कोणते? त्यातल्या कुठल्या कपातीचा फायदा कारखान्यापर्यंत पोचतो? आणि "अनावश्यक खर्च" म्हणून कात्री प्रत्यक्षात कुठे लागते? पक्षांची उणीदुणी नकोत, आकडे आणि कार्यपद्धती द्या.

करसल्लागार_कर्वेरोड

"करांचे दर" असं मोघम लिहिलंत तर एका ओळीचं उत्तर येईल: जीएसटीचे दर केंद्र आणि राज्यांची मिळून असलेली जीएसटी परिषद ठरवते. आणि ते चूक नाही. परिषदेत केंद्राच्या मताचं वजन एक तृतीयांश, सगळ्या राज्यांचं मिळून दोन तृतीयांश, आणि ठराव व्हायला तीन चतुर्थांश लागतात. महाराष्ट्र एकटा काही हलवू शकत नाही.

राज्याच्या हातात उरलं ते एवढं: पेट्रोल-डिझेल-नैसर्गिक वायू-विमान इंधन आणि दारूवरचा व्हॅट, दारूवरचं उत्पादन शुल्क, मुद्रांक आणि नोंदणी, वाहन कर, वीज शुल्क, व्यवसाय कर. जमीन महसूल नावापुरता.

यातला व्यवसाय कर मागणीतून काढूनच टाका. घटनेच्या कलम २७६ ने त्यावर माणशी वर्षाला २,५०० रुपयांची मर्यादा घातलेली आहे. म्हणून तर दरमहा २०० आणि फेब्रुवारीत ३०० कापतात. पन्नास कामगारांच्या शॉपला पूर्ण माफी मिळाली तरी वर्षाचे जास्तीत जास्त सव्वा लाख, आणि तेही कामगाराच्या पगारातून गेलेले. मालकाच्या खर्चात शून्य फरक.

डिझेलवर पुण्यात २१ टक्के व्हॅट आहे. जून २०२४ च्या अर्थसंकल्पात मुंबई, ठाणे, नवी मुंबईत तो २४ वरून २१ केला, म्हणजे ते आपल्या रांगेत आले. पुण्याला त्यातून दमडी मिळाली नाही. हा व्हॅट जीएसटीत वळता करून घेता येत नाही, त्यामुळे तो सरळ मालाच्या किमतीत बसतो. मागणी म्हणून मुद्दा खरा आहे, फक्त आकार बघा. करापूर्वीची किंमत ७५ रुपये धरली तर एक टक्का म्हणजे लिटरला ७५ पैसे. महिन्याला ४०० लिटर पिणाऱ्या टेम्पोमागे ३०० रुपये. पेट्रोलवर तर २५ टक्क्यांशिवाय लिटरला ५ रुपये १२ पैसे ठराविक आहेत, ते टक्का कमी केला तरी जागचे हलत नाहीत.

इंधनावरच्या कपातीचं काय होतं ते सीएनजीत बघा. राज्याने १ एप्रिल २०२२ पासून व्हॅट १३.५ वरून ३ टक्क्यांवर आणला, तिजोरीला सुमारे ८०० कोटींचा फटका धरून. त्याच दिवशी देशांतर्गत वायूचा दर २.९० डॉलरवरून ६.१० डॉलर झाला. पुण्यात किलोमागे सहा रुपयांच्या आसपास उतरलेला भाव दोन आठवड्यांत आधीपेक्षा वर गेला. कर कमी झाला नसता तर भाव आणखी चढला असता हे कबूल, पण रिक्षावाल्याला स्वस्ताई दिसली ती चार दिवस.

वीज शुल्क मात्र तुमच्या कामाचं आहे. बिलात "वीज शुल्क" आणि "वीज विक्रीवरील कर" या दोन वेगळ्या ओळी असतात, दोन्ही राज्य सरकारच्या. मागणी आकार आणि युनिटचा दर वीज नियामक आयोग ठरवतो, त्यामुळे "वीज स्वस्त करा" लिहून उपयोग नाही. या दोन ओळींची नावं घेऊन, मागच्या बारा बिलांची बेरीज जोडून मागा.

दस्त_नोंदणी

मुद्रांकाबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण मंदीत राज्याने जाणूनबुजून केलेल्या करकपातीचा आपल्याकडचा सगळ्यात स्वच्छ नमुना तोच आहे.

ऑगस्ट २०२० च्या शेवटी अधिसूचना निघाली: खरेदीखतांवरचं मुद्रांक शुल्क १ सप्टेंबर ते ३१ डिसेंबर २०२० या काळात तीन टक्क्यांनी कमी, त्यानंतर १ जानेवारी ते ३१ मार्च २०२१ दोन टक्क्यांनी कमी, १ एप्रिलपासून पूर्ववत. महाराष्ट्र मुद्रांक अधिनियमाच्या कलम ९ खाली सरकारला हे राजपत्रातून करता येतं, विधेयक लागत नाही. ६० लाखांच्या फ्लॅटवर पहिल्या टप्प्यात वाचले १ लाख ८० हजार, दुसऱ्यात १ लाख २० हजार.

ती चालली का, तर दर कमी झाला म्हणून नाही, शेवटची तारीख होती म्हणून. "पुढच्या वर्षी बघू" म्हणणारा माणूस आताच घ्यायला आला. त्यात नोंदणी कायद्याच्या कलम २३ ची सोय: सही केलेला दस्त चार महिन्यांच्या आत नोंदणीला देता येतो. म्हणून लोकांनी ३१ डिसेंबरपूर्वी शुल्क भरून सह्या केल्या आणि नोंदणी पुढे सावकाश केली. एरवी महिन्याला पाच-सहा हजार दस्त होणाऱ्या मुंबईत त्या डिसेंबरात साडेएकोणीस हजारांवर गेले. सवलत खुली ठेवली असती, तर ही घाई झालीच नसती.

आता दुसरी बाजू. ही मागणी बरीचशी पुढच्या महिन्यांतून उचलून आणलेली असते, त्यामुळे मुदत संपली की खड्डा पडतो. आणि सरकारने एका हाताने दिलं तेव्हा दुसऱ्या हाताने थोडं काढूनही घेतलं: १२ सप्टेंबर २०२० पासून रेडी रेकनर (मुद्रांक मोजायला सरकारने ठरवलेले जमीन-घरांचे दर) वाढले, राज्यात सरासरी १.७४ टक्के, पुणे जिल्ह्यात जवळपास चार टक्के. त्याच वर्षी १ जूनला पेट्रोल-डिझेलवर लिटरमागे दोन रुपये कर वाढवला होता, हेही विसरू नका. रोख पैसा हवा होता, आणि इंधनावरचा कर दुसऱ्या दिवसापासून जमा व्हायला लागतो.

महापालिका हद्दीत मुद्रांकासोबत एक टक्का स्थानिक संस्था कराचा अधिभार असतो आणि पुण्यात एक टक्का मेट्रोचा. सवलत मागताना कोणत्या भागावर मागताय ते लिहा. नाहीतर फाइल नगरविकास विभागाकडे जाते आणि अभिप्रायासाठी तिथेच बसते.

बीम्स_वाचक

खर्चाची कात्री कशी चालते ते मी सांगतो, कारण मसुद्यातला दुसरा अर्धा भाग धोक्याचा आहे.

तरतूद मंजूर झाली म्हणजे पैसे मिळाले असं नसतं. वित्त विभाग बीम्स या निधीवाटपाच्या संगणकीय प्रणालीवर निधी टप्प्याटप्प्याने सोडतो. जेवढा सोडला तेवढ्याचंच बिल कोषागारात चढतं. शंभरची तरतूद ठेवून तेहतीस सोडले की कात्री लागली. विधिमंडळात जायला नको, एक शासन निर्णय पुरतो. ४ मे २०२० चा वित्त विभागाचा निर्णय नेमका हाच होता: योजनांच्या तरतुदीपैकी ३३ टक्केच मिळणार, नवीन काम सुरू करायचं नाही, नवीन योजना नाही, भरती बंद. सवलत आरोग्य, वैद्यकीय शिक्षण, अन्नपुरवठा आणि मदत व पुनर्वसन यांना.

हे ६७ टक्के कशातून गेले? पगारातून नाही. मार्च २०२० चे पगार दोन टप्प्यांत देण्याचं ठरलं होतं, पण ते पुढे ढकलणं होतं, कपात नव्हे. पगार, निवृत्तिवेतन आणि व्याज या तिघांतच महसुली जमेचा निम्म्याहून जास्त भाग जातो आणि त्यातला कुठलाही एका वर्षात कमी होत नाही. व्याज चुकवता येत नाही, निवृत्तिवेतन थांबवता येत नाही. महापालिकांना बंद झालेली जकात आणि एलबीटी (स्थानिक संस्था कर) यांपोटी द्यायची भरपाईसुद्धा २०१७ च्या कायद्याने बांधलेली आहे, दरवर्षी आठ टक्के वाढीसह. उरतं काय, तर रस्ते, पूल, इमारती, पाण्याच्या योजना, यंत्रखरेदी. म्हणजे तुमच्या फॅब्रिकेशनवाल्या सभासदांचं गिऱ्हाईक.

अर्धवट थांबवलेलं काम स्वस्त पडत नाही. समजा पुलाचे खांब उभे राहिलेत, गर्डर बनायला टाकलेत आणि निधी थांबला. ठेकेदार क्रेन आणि माणसं दुसरीकडे हलवतो. परत आणायचा खर्च, गंजलेल्या सळया घासून त्यावर पुन्हा काम, भाववाढीच्या कलमाखाली स्टील-सिमेंटचा फरक, मुदतवाढीचे प्रस्ताव. शंभर रुपयांचं उरलेलं काम दोन वर्षांनी शंभरात होत नाही.

दुसरा रोग मार्चचा. वर्षभर अडवलेला निधी शेवटच्या आठवड्यात सुटतो, खर्च तर होऊ शकत नाही, मग वर्ष संपताना तो रद्द होऊ नये म्हणून स्वीय प्रपंजी लेख्यात, म्हणजे अधिकाऱ्याच्या नावे असलेल्या सरकारी खात्यात, नेऊन ठेवतात. कागदावर खर्च झाला, बाजारात एक रुपया आला नाही. महालेखापाल यावर वर्षानुवर्षं ताशेरे मारतात.

भोसरी_लघुउद्योग

खूप उपयोगी. पण मग आमच्यातल्या पहिल्या तटाला काय सांगू? ते म्हणतात गाड्या, दौरे, जाहिराती, फुकटच्या योजना हे कापा, पूल कशाला कापता. आणि कर कमी केल्याने लोकांच्या हातात पैसा राहतो, तो खर्च होतोच की.

डेक्कन_अर्थ

दुसरा मुद्दा आधी घेतो, त्याला आकड्याने उत्तर देता येतं.

दिल्लीच्या एनआयपीएफपी या सरकारी जमाखर्चाचा अभ्यास करणाऱ्या संस्थेने भारतासाठी गुणक काढले होते. सरकारने एक रुपया भांडवली कामावर खर्चला तर एकूण उत्पादनात २.४५ रुपयांची भर, अनुदान किंवा थेट हस्तांतरणातून ०.९८, इतर महसुली (रोजच्या कारभाराच्या) खर्चातून ०.९९, आणि एक रुपया कर कमी केल्यास साधारण एक रुपया. आता तुमचं वाक्य यात घालून बघा. १,००० कोटींचा कर कमी केला: अधिक १,०००. तेवढीच भांडवली कामं थांबवली: उणे २,४५०. मंदीत तुम्ही स्वतःहून साडेचौदाशे कोटींचा खड्डा खणायला सांगताय. भांडवली कामांऐवजी महसुली खर्च कापला तर बेरीज जवळपास शून्य, म्हणजे कष्ट घेऊन जागच्या जागी. हे गुणक देशाचे आहेत. एका राज्यात दोन्ही बाजूंचा परिणाम कमी दिसतो, कारण पुण्यात वाचलेल्या रुपयातला काही भाग गुजरातच्या मालावर जातो. दिशा मात्र बदलत नाही.

"कर कमी केला की धंदा वाढून जमा परत येते" हे राज्यपातळीवर अमेरिकेतल्या कॅन्ससने करून पाहिलं. २०१२ मध्ये वरचा आयकर ६.४५ वरून ४.९ टक्के, आणि भागीदारी-मालकी स्वरूपाच्या धंद्यांच्या उत्पन्नावर राज्याचा करच नाही. जमा कोसळली, राज्याचं पतमानांकन उतरलं, शाळा आणि रस्त्यांच्या निधीला हात घालावा लागला आणि २०१७ मध्ये त्यांच्याच विधिमंडळाने गव्हर्नरचा नकाराधिकार झुगारून ती कपात मागे घेतली. तिथल्या जवळपास सगळ्या राज्यांना चालू अंदाजपत्रक तुटीचं ठेवता येत नाही, त्यामुळे मंदीत त्यांचा खर्च आपोआप आकसतो आणि केंद्राला मदत पाठवावी लागते, २००९ मध्ये पाठवली तशी.

आपल्याकडे तेवढी सक्ती नाही, पण मोकळं रानही नाही. कलम २९३(३) मुळे केंद्राचं देणं असलेल्या राज्याला नव्या कर्जासाठी केंद्राची संमती लागते, आणि नेहमीची मर्यादा राज्याच्या सकल उत्पन्नाच्या (जीएसडीपी) तीन टक्के. मंदी खोल असते तेव्हा ती केंद्रच सैल करतं: मे २०२० मध्ये तीनवरून पाचवर नेली, त्यातला बराच भाग शिधापत्रिका, वीज वितरण, नागरी संस्था अशा सुधारणांच्या अटींवर. ५० वर्षांच्या बिनव्याजी कर्जाची योजनाही त्याच वर्षी आली. ती फक्त भांडवली कामांसाठी आहे आणि नेहमीच्या मर्यादेच्या बाहेर. पैसे कुठून आणायचे याचं उत्तर निवेदनात द्यायचं असेल तर ते इथे आहे.

सदाशिव_४११०३०

तुम्ही सगळे खर्चाच्या बाजूने बोलताय, म्हणून विरुद्ध टोक. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात महसुली जमा ५ लाख ६० हजार ९६४ कोटी, महसुली खर्च ६ लाख ६ हजार ८५५ कोटी. ४५,८९१ कोटींची महसुली तूट, आणि तीही ऐन मंदीत नव्हे. म्हणजे रोजचा किराणा उधारीवर. चांगल्या दिवसांत साठवलंच नाही तर वाईट दिवसांत उधळायला कुठून आणणार? एकट्या लाडकी बहीण योजनेला ३६,००० कोटी ठेवलेत. मग पूलच कापले जाणार, कारण पुलाला मत नसतं.

डेक्कन_अर्थ

आकडे बरोबर आहेत आणि तक्रारही. फक्त वेळ चुकते. महसुली तूट कमी करायची ती जमा वाढत असताना. मंदी लागल्यावर दरमहा १,५०० रुपये मिळणाऱ्या बाईचे पैसे थांबवले तर ते किराणा दुकानातूनच कमी होतात, आणि पुढच्या महिन्यात तुमच्या दुचाकीच्या सुट्या भागांतून. अपात्र नावं वगळणं वेगळं, ते कधीही करा.

गाड्या, दौरे, जाहिराती यांवर राग काढायला हरकत नाही, पण त्यातून हजारो कोटी निघत नाहीत.

बीम्स_वाचक

एक मागणी राहिलीच, आणि माझ्या मते ती पहिली असायला हवी: थकलेली बिलं द्या.

यात नवीन खर्च नाही. काम झालंय, मोजमाप पुस्तकात नोंद झालीय, बिल विभागात पडून आहे. ठेकेदाराने ५० लाखांचं रनिंग बिल (चालू कामाचं टप्प्याचं बिल) लावलं की त्यावर १८ टक्क्यांनी ९ लाख जीएसटी देय होतो. इनपुट क्रेडिट (खरेदीवर आधीच भरलेला जीएसटी) वजा जाता उरलेला त्याला पुढच्या महिन्याच्या २० तारखेच्या विवरणपत्रासोबत भरावाच लागतो, सरकारकडून पैसे आलेले असोत वा नसोत. तो भरण्यासाठी बँकेचं कॅश क्रेडिट कर्ज वापरतो, मग तुमच्या फॅब्रिकेटरला थांबवतो, फॅब्रिकेटर पत्र्याच्या व्यापाऱ्याला. सरकारने एक बिल चुकतं केलं की तीन जणांची उधारी सुटते. करकपातीपेक्षा हे लवकर पोचतं, कारण कुणी नवीन काही विकत घ्यायची वाट बघावी लागत नाही.

सरकारी खात्याला माल पुरवणारे सूक्ष्म-लघु उद्योग असतील तर ४५ दिवसांत पैसे देण्याच्या तरतुदीचा उल्लेख करा. उशिराला बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज कायद्यातच आहे. हे पुरवठ्याला लागू होतं, बांधकामाच्या ठेक्यांबाबत वाद आहेत, त्यामुळे दोन्ही एकाच परिच्छेदात घालू नका.

करसल्लागार_कर्वेरोड

याला जोडून: जुन्या व्हॅटच्या थकबाकीची अभय योजना मागता येईल. २०२२ च्या योजनेत १० हजारांपर्यंतची थकबाकी माफ होती आणि १० लाखांपर्यंतची २० टक्के भरून मिटत होती. सरकारला वादात अडकलेला पैसा रोख मिळतो, तुमच्या सभासदाची खाती मोकळी होतात. मात्र दर दोन-तीन वर्षांनी अशी योजना आली की वेळेवर भरणारा मूर्ख ठरतो, म्हणून "जीएसटीपूर्व काळापुरती" एवढी मर्यादा स्वतःहूनच घाला. वित्त विभागालाही ते पचायला सोपं जातं.

भोसरी_लघुउद्योग

मुख्य वाक्य आता असं केलंय, बघा: "सहा महिन्यांच्या ठराविक मुदतीसाठी औद्योगिक वीज शुल्क व औद्योगिक गाळ्यांच्या खरेदीवरील मुद्रांक शुल्कात सवलत द्यावी, प्रगतिपथावरील भांडवली कामांचा निधी रोखू नये, ३१ मार्चपूर्वी प्रलंबित देयके अदा करावीत, सवलतीमुळे येणारी तूट केंद्राच्या बिनव्याजी भांडवली कर्जातून भरून काढावी."

बीम्स_वाचक

शेवटचं कलम दुरुस्त करा. ते कर्ज भांडवली कामांसाठीच वापरता येतं, करातली तूट त्यातून भरता येणार नाही. असं लिहा: "भांडवली कामांसाठी केंद्राचं बिनव्याजी कर्ज पूर्ण उचलावं, जेणेकरून राज्याचा स्वतःचा निधी त्या प्रमाणात मोकळा होईल." आणि "प्रलंबित देयके" एवढंच नको, "मोजमाप नोंदवून ९० दिवस उलटलेली देयके" लिहा, सोबत विभागवार तक्ता: कामाचं नाव, बिल क्रमांक, तारीख, रक्कम.

पाठवायची वेळही बघा. विभागांचे अंदाज वित्त विभागाकडे दिवाळीच्या आगेमागे जातात, फेब्रुवारीत दिलेलं निवेदन फक्त फाइलला लागतं. देयकांचा मुद्दा नागपूरच्या हिवाळी अधिवेशनातल्या पुरवणी मागण्यांत बसू शकतो, त्यामुळे ते पान वेगळं काढून नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यातच सार्वजनिक बांधकाम आणि वित्त, दोन्हीकडे द्या. पोच घ्यायला विसरू नका.